बाळंतपणानंतरही बीपी विसरू नका

एका ताईंनी लिहिलं होतं की गरोदरपणातला बीपी बाळंतपणाबरोबर संपतो. आकडा उतरतो हे खरं, पण धोका संपत नाही. आम्ही दारव्हा तालुक्यातले. माझ्या मोठ्या जाऊबाईंचे दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात पाय सुजले, बीपी १६०/११०, लघवीतून प्रथिनं जात होती. बाळंतपण नीट झालं, नि घरात सगळे ते विसरलो. ४८व्या वर्षी वावरात कापूस वेचताना छातीत दडपण आलं. पित्त असेल म्हणून दोन दिवस अंगावर काढलं. ते मला आजही सलतं.

जाऊबाईंना गरोदरपणात झालं तसं, म्हणजे बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाणं, याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. तो झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११मध्येच प्री-एक्लॅम्पसिया, गरोदरपणातल्या मधुमेहासह, हृदयविकाराच्या जोखमीत धरला. चाळिशीआधी पाळी गेली तरी धोका वाढतो.

म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा. उपकेंद्रात बीपी, शुगर तपासायला जाल तेव्हा ‘गरोदरपणात बीपी वाढला होता’ हे आपणहून सांगा, कारण तिथे ते विचारलं जाईलच असं नाही. आणि वेचणीच्या दिवसांतही तपासणीची तारीख चुकवू नका.