एक्स्ट्रा म्हणजे नुसती भरताड? मला नाही पटत

"डिस्कवरचे एक्स्ट्रा कोण बघतंय, सगळं यूट्यूबवर मिळतं," हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. एक्स्ट्रा म्हणजे डीव्हीडीवर सिनेमासोबत येणारा जादा मजकूर. ट्रेलर आणि 'आमची टीम म्हणजे एक कुटुंब' छाप मुलाखती सोडून द्या, त्या जाहिरातीच असतात. पण कॉमेंट्री ट्रॅकची गोष्ट वेगळी आहे. चित्र तेच, आवाज मात्र जाणकाराचा, आणि ज्या शॉटबद्दल तो बोलतोय तो त्याच क्षणी समोर. १९८४ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीनं 'किंग काँग'च्या लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) सिनेमाचे अभ्यासक रोनाल्ड हेव्हर यांच्याकडून असं पहिल्यांदा करून घेतलं, मोकळ्या असलेल्या दुसऱ्या ऑडिओ चॅनेलवर. स्ट्रीमिंगवर हे क्वचितच मिळतं, आणि यूट्यूबवरचा व्हिडिओ कधी उडेल याचा नेम नाही.

मी कोल्हापूरचा, म्हणून हे जास्त लागतं. १९२९ मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनी इथंच सुरू झाली. आमचे आजोबा स्टुडिओत देखाव्यांचे पडदे रंगवायचे. पावडर रंगात सरस कालवायचे, तो शिजवताना घरभर वास सुटायचा, आणि रंग ओला असताना गडद दिसतो म्हणून आधी कोपऱ्यात एक पट्टा मारून वाळवून बघायचे. हे त्यांनी मला सोप्यात बसून सांगितलं. कुणी रेकॉर्डर लावला नाही, मीही नाही.

परवा एका जुन्या मराठी सिनेमाची डीव्हीडी घेतली. मेनूत दोनच बटणं: प्ले आणि गाणी. त्याचे कॅमेरामन, मेकअपवाले अजून हयात असतील तर त्यांना आत्ताच माईकसमोर बसवा हो.