मांडूला ऑगस्टमध्ये जावे का? सल्ला हवा आहे

प्रश्न (वर्तकनगर, ठाणे)
नमस्कार. सत्तरीची आई, पत्नी आणि मी ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या मांडूच्या किल्ल्यावर जाणार आहोत. आईचे गुडघे दुखतात, तरी रूपमतीच्या महालातून नर्मदा पाहायचीच, असा तिचा हट्ट आहे. इंदूरहून एका दिवसात जाऊन येणे पुरेसे होईल का?

उत्तर (घणसोली)
एका दिवसात मांडू उरकता येते, पाहता येत नाही. दरीने वेढलेल्या पठारावर ३५ किलोमीटरहून लांब तटबंदीच्या आत हे गाव वसलेले असून जहाज महाल आणि रूपमती महाल यांच्यातच कित्येक किलोमीटरचे अंतर आहे. त्यामुळे वर एक मुक्काम करावाच.

ऑगस्टबाबत मात्र आधीच सांगतो. मुंज आणि कापूर हे दोन्ही तलाव तुडुंब भरल्यावर त्यांच्यामधला जहाज महाल खरोखर पाण्यावर तरंगतो आहे असे वाटते, आणि हे दृश्य उन्हाळ्यात मिळत नाही. पण त्याच पावसात खालचा निमाडचा सखल प्रदेश ढगाखाली जातो आणि नर्मदा बहुधा दिसत नाही. ती स्वच्छ हवेत, हिवाळ्यात, दूरवर रुपेरी रेघेसारखी दिसते. आईंचा हट्ट नर्मदेसाठीच असेल, तर डिसेंबरात जावे.

माळव्याचा सुलतान होशंगशाह याची संगमरवरी कबर चुकवू नये. शाहजहानच्या स्थपतींनी १६५९ मध्ये तिला भेट दिल्याचा शिलालेख तिथे आहे. गावात गोरखचिंचेचे अवाढव्य वृक्ष आहेत आणि त्यांची फळे ‘मांडू की इमली’ म्हणून विकली जातात. आमच्या घरी ती कोणालाच आवडली नाहीत, हा भाग वेगळा.

उत्तर (कोपरी, ठाणे)
रेल्वेने जायचे असल्यास इंदूरची अवंतिका एक्सप्रेस बोरिवलीहून पकडावी लागते, म्हणजे सामान आणि आईंना घेऊन आधी घोडबंदर रस्ता पार करणे आले. त्यापेक्षा गाडी असेल तर मुंबई–आग्रा महामार्ग आपल्या दारातूनच जातो. नाशिक, धुळे, सेंधवा करीत धामणोदला पोहोचावे आणि रात्री महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटाजवळ उतरावे. तिथे नर्मदा अगदी पायऱ्यांशी आहे. दुसऱ्या दिवशी मांडूला चढावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. महेश्वरचे ऐकून आईने हट्ट सोडला आहे. ऑगस्टच ठरवतो.