चर्चा : नोकरी दोघांची, तर स्वयंपाकघर एकटीचे का?

येळ्ळूरची लेक
११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकात महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला आणि ‘निम्मा पगार बसभाड्यातच जाणार’ असे सांगून मुलींना घरी बसवण्याचे कारण उरले नाही. तरीही सोयरीक जुळवताना ‘नोकरी करू दे, पण घरचे सांभाळून’ ही अट अजून सर्रास घातली जाते. पहाटे भाकऱ्या थापून दोघांचे डबे भरायचे आणि संध्याकाळी बसमधून उतरल्यावर पुन्हा स्वयंपाकाला लागायचे, हे मुलाला कोणी का सांगत नाही? घरकामाची वाटणी लग्नाच्या बैठकीतच ठरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उद्यमबागेतला कामगार
ताई, मला हे पटत नाही. फाउंड्रीत रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाला ठरवून दिलेली वाटणी पाळता येत नाही, कारण त्याची पाळीच बदलत असते. शिवाय मुलगा भांडी घासताना दिसला की आमच्या आईसारख्या बायकांना मनापासून वाईट वाटते, तेही समजून घ्यायला हवे. एकमेकांचे पाहून कामे आपोआप वाटली जातात. ती अटी घालून ठरवली, तर संसाराचा हिशेब होऊन बसेल.

निपाणीकर
दादा, आमच्याकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळत आल्या आहेत, पण त्यांच्या घरी कामे आपोआप वाटली गेल्याचे मी पाहिलेले नाही. पाने भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची आणि दोरा बांधायचा, एवढे करून मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. त्यामुळे घरकामात गेलेला प्रत्येक तास थेट तिच्या कमाईतून वजा होतो.

वडगावचा विणकर
मागावरच्या घरांत तर विणण्यासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या सुनेचे काम मोजलेच जात नाही. राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २००० रुपयेही रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईलाच मिळतात, आणि ती बहुधा सासू असते.

उद्यमबागेतला कामगार
विड्यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक करायलाही माझी ना नाही. बैठकीत अट घालण्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

येळ्ळूरची लेक
दादा, त्याच बैठकीत मानपानाची आणि आहेराची यादी लिहिली जाते, तेव्हा संसाराचा हिशेब झाला असे कोणी म्हणत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात सवलत जरूर असावी, पण दिवसपाळीच्या आठवड्यात संध्याकाळचा स्वयंपाक दोघांनी मिळून करावा. आपल्या आईंना वाईट वाटत असेल, तर त्यांची समजूत सुनेने नव्हे, मुलाने घालायची आहे.