मदत हवी आहे : घरी ग्रेहाउंड आहे, पण जॉगिंगला साथ देत नाही (ठाणे)

नमस्कार मंडळी,

गेली दोन-तीन वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. आधी कुणी काढला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

जूनपासून आमच्याकडे एक ग्रेहाउंड आहे. नाव बिजली, वय ३ वर्षं, वजन २७ किलो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने पंजाबातून आणली होती. त्याची परदेशी बदली झाली आणि ती आमच्याकडे आली. सासूबाई पहिले दोन दिवस बाल्कनीच्या दारातून बोलत होत्या. आता दुपारी दोघी एकाच गादीवर घोरतात.

मी रोज पहाटे पळते. वसंत विहारहून निघायचं, गावंड बागेवरून उपवन, तळ्याला फेरी आणि परत, पाचेक किलोमीटर. वेग काही फार नाही, किलोमीटरला आठ मिनिटं. साडेपाचला रस्त्यावर चिटपाखरू नसतं, घरचे कटकट करतात. म्हटलं, बरं झालं, सोबत झाली. पळणाऱ्या बाईला पळणारं कुत्रं, अजून काय हवं?

तर नाही. पहिले शंभर मीटर ती मला ओढते. मग माझ्या पुढेमागे वेडीवाकडी चालते, मध्येच पायात येते. आणि पाच-सहाशे मीटर झाले की उभी. बसत नाही, धापा टाकत नाही, नुसती पुतळ्यासारखी उभी राहते, नजर कुठेतरी लांब. ओढलं तर चारही पाय रोवते. परवा गावंड बागेजवळ अशीच थांबली, तेव्हा पेपर टाकणारा मुलगा सायकल थांबवून म्हणाला, "ताई, बंद पडली का?" घरी आता 'बिजली गेली' हा रोजचा विनोद झालाय.

दुसरा प्रकार जास्त गंभीर. गेल्या आठवड्यात तळ्याजवळ टेम्पोखालून मांजर निघालं. लीश मी मनगटाला गुंडाळली होती (माहितीये, ओरडू नका). मी गुडघ्यावर आपटले, तिने मान मागे घेतली, पट्टा कानांवरून सुळकन निघाला आणि ती गेली. मी उठेपर्यंत तळ्याच्या पलीकडच्या टोकाला होती. नशिबाने तिथे चहावाला कपबश्या विसळत होता, त्याच्या पावाच्या पिशवीपाशी थबकली. माझे हात संध्याकाळपर्यंत कापत होते.

हिला हळू आणि लांब पळायला शिकवता येतं का, की ही जातच त्यातली नाही? ती मध्येच उभी राहते ते आळस, भीती की दुखणं? आणि या ऑक्टोबरच्या उकाड्यात हे सुरू करावं की थांबावं? ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाकडे ग्रेहाउंड असेल तर प्लीज लिहा.

– उपवनची_फेरी

रविवारचा_धावपटू :
सोपं आहे. स्कूटरला बांधा, मिस्टरांना चालवायला सांगा. आठ दिवसांत लाइनीवर येईल.

लातूरकर :
रविवारचा_धावपटू, हे गमतीतही लिहू नका, लोक खरंच करतात. जनावर थांबलं की फरफटत जातं.

ताई, माझ्या मामाकडे औशाकडे कारवानी कुत्री आहेत, म्हणून दोन शब्द. तीही तशीच लांब तोंडाची, आत गेलेल्या पोटाची. पण ती शेतावर जाताना बैलगाडीमागे तासन्‌तास दुडकत येतात, कुणी शिकवलेलं नसतं. लहान पिल्लू असल्यापासून आईमागे तेच करतात. ग्रेहाउंड दिसायला भावंडं वाटली तरी तिला पिढ्यान्‌पिढ्या एका दमात गाठायच्या शिकारीसाठी आणि नंतर शर्यतीसाठी निवडलेलं आहे. शर्यतीसुद्धा साधारण पाचशे मीटरच्या आसपासच असतात. तुमची नेमकी तिथेच थांबते, हे वाचून हसू आलं.

खारघरची_वाघीण :
ताई, आमच्याकडे चार वर्षांपासून ग्रेहाउंड आहे, नर, ३२ किलो. तुमचं सगळं वाचून स्वतःचीच डायरी वाचल्यासारखं झालं. जरा लांबण लागेल.

सगळ्यात आधी पट्टा. ग्रेहाउंडची मान आणि डोकं जवळजवळ सारख्याच जाडीचं असतं, त्यामुळे साधा बकलचा पट्टा मागे खेचला की निघणारच. मार्टिंगेल नावाचा रुंद पट्टा मिळतो. ओढ बसली की थोडा आवळतो, पण ठराविक मापापुढे आवळत नाही. कानांमागे, मानेच्या वरच्या भागात बसवा. पळायला जाताना त्याच्या जोडीला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि दोन्हींना लीश. लीश साधी, सहा फुटी. ती आत-बाहेर होणारी दोरीची लीश अजिबात नको. हे कुत्रं ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतं. तो वेग घेऊन दोरीच्या टोकाला पोचलं तर त्याची मान आणि तुमचा खांदा, दोन्ही गेलं. आणि मनगटाला गुंडाळणं... तुम्ही ओरडू नका म्हणालात, म्हणून गप्प बसते.

आता तुमचा वेग. राग मानू नका, पण माझ्या मते अर्धी अडचण तिथे आहे. किलोमीटरला आठ मिनिटं या वेगाला एवढ्या लांब पायांचं जनावर धड चालतही नाही, धड दुडकतही नाही. म्हणून ती वेडीवाकडी चालते, पायात येते. आमच्याकडेही हेच व्हायचं. मग मी उलट केलं. शंभर-दीडशे पावलं माझ्या नेहमीच्या वेगापेक्षा जोरात पळायचे, इतकं की त्याची दुडकी लागली पाहिजे. दुडकी लागली की कळतं, पाठ सरळ राहते, डोकं हलायचं थांबतं, पंजांचा टपटप असा एकसारखा आवाज येतो. तो आवाज आला की शाबासकी. मग दोन मिनिटं चालणं. असं चार वेळा, आणि घरी. पहिले दोन आठवडे एवढंच, तेही दिवसाआड. ती थांबायच्या आत तुम्ही थांबायचं, हे महत्त्वाचं. रोज पाचशे मीटरवर पुतळा होत असेल तर चारशेवर परत फिरा.

पुतळा झालीच तर ओढू नका, खाऊ दाखवून भुलवूही नका (आमच्या साहेबांनी खाऊसाठी मुद्दाम थांबायला सुरुवात केली होती). लीश ढिली सोडून मिनिटभर उभ्या राहा, मग तिच्या बाजूने अर्धवर्तुळ घेऊन वेगळ्या दिशेला चाला. पावलं सुटली की पुन्हा मूळ रस्त्याला लागता येतं. नव्या घरात आलेल्या ग्रेहाउंडमध्ये हे फार दिसतं. रस्ता, आवाज, वास सगळं एकदम अंगावर येतं आणि ती गोठतात. मात्र ती ठराविक खडबडीत जागेवरच थांबते का ते बघा. ग्रेहाउंडच्या पंजाच्या गादीत कुरूप होतं, आपल्याला तळपायाला होतं तसं. मऊ मातीवर नीट आणि डांबरावर लंगडी, अशी खूण असेल तर डॉक्टरांना पंजा दाखवा.

जेवणाचं : पळून आल्यावर किमान तासभर जेवण नाही, आणि जेवल्यावर दोन-तीन तास पळणं नाही. खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो, तो जिवावर बेततो.

एक शेवटचं. हिला आठवड्यातून एकदा तरी चौखूर उधळू द्या, नाहीतर ती भूक मांजरावर निघते. मोकळ्या मैदानात सोडू नका. आम्ही बॉक्स क्रिकेटच्या टर्फवाल्याला विचारलं. सकाळी साडेसहाची अर्ध्या तासाची वेळ रिकामीच असते, चारी बाजूंनी जाळी. दोन मिनिटं गोल गोल, की साहेब आडवे. उरलेली अठ्ठावीस मिनिटं आम्ही टर्फवर बसून चहा पितो.

गोठ्यातला_डॉक्टर :
निवृत्त पशुवैद्य आहे, आयुष्य गाई-म्हशींत गेलं, तरी चार गोष्टी सांगतो.

३ वर्षं वय असल्याने हाडांची चिंता नाही. दीड वर्षाच्या आतलं पिल्लू असतं तर जॉगिंगला सरळ नाही म्हटलं असतं.

सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी आणि रक्त करून घ्या. रिपोर्ट वाचणाऱ्याला ग्रेहाउंड आहे हे आवर्जून सांगा. या जातीत तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट्स कमी असणं हेच नॉर्मल आहे. थायरॉइडचा आकडाही खालीच येतो. माहीत नसेल तर नुसत्या प्लेटलेट्स बघून गोचीड तापाचे उपचार सुरू होतात. गोचीड ताप आपल्याकडे आहेच, त्यामुळे शंका असेल तर त्याची वेगळी टेस्ट करावी. भुलीच्या औषधांच्या बाबतीतही ही जात नाजूक, नसबंदीच्या वेळी लक्षात ठेवा.

उकाडा : कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं, आणि दमट हवेत तेच नीट होत नाही. ठाण्यात तापमानापेक्षा दमटपणाला भ्या. जीभ टोकाला रुंद होऊन लोंबायला लागली, हिरड्या गडद लाल दिसल्या, पाय लटपटले, की तिथेच थांबायचं. सावली, अंगावर साधं पाणी, पंख्याचा वारा आणि सरळ दवाखाना. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या पुढे गेलं तर वेळ घालवू नये. आणि जोरात पळाल्यानंतर लघवी चहासारखी गडद झाली, मागचे पाय आखडले, तर स्नायू मोडल्याची खूण समजा. तेव्हा घरगुती उपाय करत बसू नका.

येऊरपायथा :
बाकी सगळं ठीक, पण साडेपाचला त्या बाजूला कुत्रं घेऊन? उपवनच्या डोक्यावर येऊर, येऊर म्हणजे राष्ट्रीय उद्यान, आणि बिबट्याला कुत्रं आवडतं. येऊर गेटच्या दिशेला अंधारात जाऊ नका, फटफटल्यावर निघा. उद्यानात पाळीव कुत्र्यांना तसाही प्रवेश नाही.

मीठभाकर :
+१ येऊरपायथा.
आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय? आमच्या लॅब्रेडॉरला पळताना चार जणांनी घेरलं होतं. तेव्हापासून त्यांच्या हद्दीतून चालत जातो, पुढे गेल्यावर पळतो. पळणाऱ्याच्या मागे पळायचं हा त्यांचा नियम, चालणाऱ्याला सहसा सोडतात. त्या गल्लीत खायला घालणाऱ्या एक काकू आहेत, त्यांच्यासोबत दोन दिवस उभं राहून ओळख करून घेतली, त्याचा चांगला उपयोग झाला.

उपवनची_फेरी :
बापरे, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. खारघरताई, राग कसला, मी आठ मिनिटं हा आकडाही थोडा कमी करूनच सांगितला होता.

पट्टा मागवला. रक्ताचा रिपोर्ट आला. प्लेटलेट्स १ लाख ४० हजार. दवाखान्यात पहिला प्रश्न "गोचीड ताप आहे का?" हाच. डॉक्टरकाका, तुमचं वाक्य मी शब्दशः म्हणून दाखवलं. त्यांनी वेगळी टेस्ट केली, निगेटिव्ह. पंजात कुरूप नाही. पावसाळा संपला तरी लेप्टोची लस राहिली होती, ती दिली.

आता सहाला निघते. महिनाभराने कळवते.

उपवनची_फेरी :
महिना म्हणाले होते, सहा आठवडे झाले. मध्ये दिवाळी आली. फटाक्यांचे दहा दिवस बिजली पलंगाखालून निघाली नाही, तेवढे दिवस वाया गेले आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

आता दोनशे मीटर पळणं, तेवढंच चालणं, असं आठ वेळा होतं. म्हणजे सगळं मिळून तीन किलोमीटरच्या थोडं वर. टपटप आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी इतकी खूश झाले की स्वतःच थांबले. दोनशे मीटर तिच्या वेगाने पळून माझीच जीभ बाहेर येते हा भाग वेगळा. नवरा म्हणतो, ट्रेनिंग नक्की कुणाचं चाललंय?

पुतळा आठवड्यातून एखाद्या वेळी होतो, बहुतेक मेट्रोच्या कामाचा आवाज असलेल्या दिवशी. अर्धवर्तुळाची युक्ती दहापैकी सात वेळा चालते. उरलेल्या तीन वेळा मी फुटपाथवर बसते. पेपरवाला मुलगा आता "आज चालू आहे का?" विचारतो.

मांजराचं मात्र जमलेलं नाही. दोन लीशमुळे सुटत नाही एवढंच. मांजर दिसलं की मी आधीच लीश आखूड धरून रस्ता बदलते. यावर कुणाकडे उपाय असेल तर सांगा. टर्फवाला पहिल्यांदा नाही म्हणाला, बिजलीला बघून मग हो म्हणाला, आता रविवारी तोच मोबाइल घेऊन उभा असतो.

लातूरकर :
मांजराला उपाय नाही ताई. मामाच्या कुत्र्यांना ससा दिसला की मामा पण दिसत नाही. शिकार कायद्याने बंद, तेव्हा त्यांना गळ्यात दोर हाच उपाय.
फोटो टाका की.

उपवनची_फेरी :
पळतानाचे अकरा काढले, अकराहीमध्ये नुसती शेपूट आहे. झोपलेले दोनशे आहेत, सासूबाईंसकट. त्यांची परवानगी विचारून टाकते.