निकॉन डी९० की डी७०००? सेकंडहँड घ्यायची आहे (लग्नं, सारंगखेडा, हतनूर)

चोपडाकर

राम राम मंडळी. जुन्या कॅमेऱ्यासाठी दोन ठिकाणी बोलणं झालंय. एक निकॉन डी९०, ३८ हजार क्लिक (शटरने काढलेले फोटो) झालेली. दुसरी डी७०००, ७१ हजार क्लिकची, ती सहा हजारांनी महाग. काम तीन प्रकारचं: गावाकडची लग्नं आणि हळद (बहुतेक भर दुपारी, मांडवात), दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि हिवाळ्यात हतनूर धरणावर पक्षी. व्हिडिओची फारशी गरज नाही.

हाताशी ५० एमएम एफ/१.८ डी आहे, आणि एक जुनी १०५ एमएम एफ/२.५ एआय मॅन्युअल लेन्स. एएफ-पी ७०-३०० झूम लेन्स स्वस्तात मिळतेय, तीही उचलायचा विचार आहे. सहा हजार जादा देण्याइतका फरक आहे का? की तेच पैसे लेन्सला लावू? बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बघायला गेल्यावर काय काय तपासायचं तेही सांगा.

जुनी काच, धुळे

सगळ्यात आधी त्या एएफ-पी लेन्सचा नाद सोडा. तिची मोटर या दोन्ही बॉड्यांना चालवता येत नाही. ऑटोफोकस तर नाहीच, पण फोकसची रिंगही इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे हाताने फिरवूनसुद्धा काही होत नाही. लेन्स लागते मात्र व्यवस्थित, म्हणून दुकानात फसगत होते. ७०-३०० हवी तर जुनी एएफ-एस व्हीआर (एफ/४.५-५.६ जी) शोधा, ती दोन्हीवर पूर्ण चालते. लेन्सवर एएफ-एस लिहिलंय की एएफ-पी, एवढं एक अक्षर नीट वाचा.

पुढेमागे पक्ष्यांसाठी २००-५०० एफ/५.६ ई घ्यायचं मनात असेल तर डी९० इथेच बाद होते. ई प्रकारच्या लेन्सचं अॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) विजेवर चालतं. डी९० ला ते बंद करता येत नाही, कायम पूर्ण उघडंच राहतं. डी७००० ला ही अडचण नाही.

तुमच्या १०५ बद्दल. डी९० वर ती फक्त एम मोडमध्ये (सगळं हाताने) चालेल आणि उजेड मोजणारं मीटर अजिबात चालणार नाही. अंदाजाने एक फोटो काढा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, शटर बदला. डी७००० च्या माउंटभोवती एआय रिंग (जुन्या लेन्सचं अॅपर्चर कॅमेऱ्याला कळवणारी) आहे. सेटअप मेनूत 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा'मध्ये १०५ आणि एफ/२.५ एकदा भरून ठेवलं की ए (अॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) आणि एम मोडमध्ये मीटर चालतं. अशा नऊ लेन्स साठवता येतात. मात्र १९७७ च्या आधीची, एआय न केलेली लेन्स डी७००० वर कधीच चढवू नका, तो एआयचा खटका मोडतो.

५० एमएम डी ला दोन्ही बॉड्यांत मोटर आहे, ती प्रश्नच नाही. अॅपर्चरची रिंग एफ/२२ वर आणून लॉक करा, नाहीतर डिस्प्लेवर एफईई दिसेल आणि शटर पडणार नाही. हे बघून 'कॅमेरा खराब आहे' म्हणत परत करणारे असतात.

सावलीउजेड, जळगाव

तुमच्या कामासाठी डी७००० घ्या, आणि कारण मेगापिक्सेलचं नाही. १२.३ वरून १६.२ ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात लांबीला ४२८८ ऐवजी ४९२८ पिक्सेल, म्हणजे फक्त १५ टक्के. हतनूरला लांब बसलेलं बदक तेवढ्याने जवळ येत नाही.

दुसरा गैरसमज असा की डी७००० अंधारात फार पुढे आहे. सेन्सर तपासणाऱ्या डीएक्सओमार्कच्या मोजणीत कमी उजेडाचा आकडा डी९० चा ९७७ आणि डी७००० चा ११६७. हे पाव स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आसपास झालं. खरा फरक बेस आयएसओला (कॅमेऱ्याच्या सगळ्यात कमी मूळ आयएसओला) आहे. डायनॅमिक रेंज (गडद आणि उजळ भाग एकाच फोटोत पकडण्याची क्षमता) डी९० ची १२.५ स्टॉप, डी७००० ची १३.९. डी७००० च्या सेन्सरचा स्वतःचा नॉइज फार कमी आहे आणि रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) १४ बिटची निघते. डी९० ची १२ बिटची.

आता हे आपल्याकडच्या उन्हात कसं दिसतं ते बघा. दुपारचा दीड, डोक्यावर ऊन, नवरदेवाचा पांढरा शर्ट झळाळतोय आणि फेट्याची सावली भुवयांपासून ओठांपर्यंत. डी९० वर शर्ट सांभाळला की चेहरा काळा पडतो. तो दोन स्टॉप उचलला की गालावर रंगीत ठिपके आणि सावलीत जांभळट झाक येते. डी७००० वर आयएसओ १०० ला शर्ट सांभाळून एक्स्पोजर द्या आणि रॉमध्ये तीच सावली तीन स्टॉप उचला, कातडीचा रंग टिकतो. मांडवाच्या गुलाबी-पिवळ्या कापडातून आलेला उजेड अख्ख्या वऱ्हाडाचे चेहरे रंगवतो. तो काढताना लाल-हिरवं चॅनेल ताणावं लागतं, तेव्हाही हीच रेंज कामी येते. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे आणि दोन्हीच्या फाइली उघडतं.

आणखी एक हिशेब. डी९० चा बेस आयएसओ २०० आणि शटर १/४०००. डी७००० चा १०० आणि १/८०००. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ वर १/१०० हे माप धरलं, तर डी७००० वर ५० एमएम थेट एफ/१.८ ला वापरता येते. डी९० वर एफ/३.५ च्या आसपास बंद करावीच लागते. 'एलओ १.०' वर टाकून आयएसओ १०० मिळतो, पण त्यात हायलाइट (उजळ भाग) एक स्टॉप आधी उडतात, म्हणजे दुपारी नेमकं नको तेच.

सावधगिरी एकच: डी७००० चं मॅट्रिक्स मीटर (अख्ख्या चौकटीचा उजेड मोजणारं) फोकस पॉइंटखालच्या भागाला फार झुकतं माप देतं. पॉइंट सावळ्या चेहऱ्यावर असला की मागचं आभाळ उडवतं. उन्हात -०.३ ते -०.७ एक्स्पोजर भरपाई ठेवा. कायमचं हवं असेल तर कस्टम सेटिंगच्या बी गटात 'फाइन ट्यून ऑप्टिमल एक्स्पोजर' आहे, १/६ स्टॉपच्या पायऱ्यांनी. तिथे केलेला बदल भरपाईच्या चिन्हात दिसत नाही, हे लक्षात असू द्या.

प्लॅटफॉर्म पाच, भुसावळ

सावलीउजेड यांचं रॉपुरतं पटतं. पण आपल्याकडची निम्मी लग्नं जेपेगवरच (कॅमेऱ्यातच तयार होणाऱ्या फाइलवर) होतात आणि रात्रीच फोटो पाठवावे लागतात. जेपेग आणि फ्लॅश असं काम असेल तर त्या १.४ स्टॉपचा फायदा हातात येत नाही. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं पान १२×३६ इंच, एका बाजूचा फोटो १२×१८. डी९० ची फाइल तिथे २३८ डीपीआय देते, डी७००० ची २७४. छापल्यावर फरक ओळखू येत नाही. सहा हजारांत एखादा बरा फ्लॅश येतो, आणि दुपारच्या फेट्याखालची सावली फ्लॅशनेही भरते. दोन्ही बॉड्यांचा पॉप-अप फ्लॅश कमांडर म्हणून चालतो, म्हणजे निकॉनच्या सीएलएस पद्धतीचा (वायरशिवाय दुरून चालणारा) फ्लॅश घेतला तर ट्रिगरचा वेगळा खर्च नाही.

घोड्यांसाठी मात्र मीसुद्धा डी७००० च म्हणेन. डी९० ला ११ फोकस पॉइंट आणि त्यातला फक्त मधला क्रॉस (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा). काळ्या, एकरंगी घोड्याच्या अंगावर बाजूचे पॉइंट पुढे-मागे शोधत बसतात. डी७००० ला ३९, त्यातले मधले ९ क्रॉस. एएफ-सी (सतत फोकस), डायनॅमिक ९ पॉइंट, शटर १/१०००, आणि पॉइंट अंगावर नाही तर डोळ्यावर किंवा लगामाच्या पितळी कडीवर धरा. एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन नेमून द्या, म्हणजे मध्येच धुळीचा लोट किंवा माणूस आडवा आला की अंगठा उचलायचा आणि फोकस होता तिथे थांबतो.

सहा फ्रेम प्रतिसेकंद वाचून हुरळून जाऊ नका. १४ बिट रॉवर बफर (कार्डावर लिहिण्याआधीची तात्पुरती साठवण) दहाएक फ्रेमचा, म्हणजे दोन सेकंदांच्या आत भरला. डी९० साडेचारच्या वेगाने सात रॉ घेते. अॅक्टिव्ह डी-लाइटिंग आणि ऑटो डिस्टॉर्शन कंट्रोल चालू असेल तर बफर आणखी घटतो. घोड्यांच्या वेळी दोन्ही बंद ठेवा.

सावलीउजेड, जळगाव

@प्लॅटफॉर्म पाच, फ्लॅशचा मुद्दा बरोबर, पण उन्हात फ्लॅश भरायचा तर सिंक स्पीड (फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात वेगवान शटर) आडवा येतो: डी९० ला १/२००, डी७००० ला १/२५०. आयएसओ २०० आणि १/२०० वर एफ/१६ लागतं, तिथे फ्लॅशची सगळी ताकद संपते. आयएसओ १०० आणि १/२५० ला एफ/१० मध्ये भागतं.

शिवाय लग्नासाठी डी७००० चे दोन कार्ड स्लॉट हे एकच कारण मला पुरेसं वाटतं. दुसरा स्लॉट 'बॅकअप'वर ठेवा. मंगलाष्टकं परत होत नाहीत, एका कार्डावर सगळं लग्न ठेवणं योग्य नाही.

चोपडाकर

मनापासून धन्यवाद. एएफ-पी रद्द. डी७००० कडे कल झालाय, पण दोन शंका. 'डी७००० बॅक फोकस करते' (फोकस विषयाच्या मागे पडतो) असं बऱ्याच जणांकडून ऐकलं. आणि फोटोत तिच्या मागच्या अंगठ्याजवळचं रबर सुटलेलं दिसतंय.

पडदा आणि आरसा, नंदुरबार

बॅक फोकसच्या बऱ्याच तक्रारी ऑटो-एरियावर ठेवून काढलेल्या फोटोंच्या असतात. तिथे कॅमेरा स्वतः पॉइंट निवडतो. खरी चाचणी अशी: स्टँडवर कॅमेरा, एएफ-एस (इथे लेन्स नाही, एकेरी फोकसचा मोड), मधला एकच पॉइंट, ५० एमएम एफ/१.८ वर पूर्ण उघडी, दोन-अडीच मीटरवर छापील कागद सरळ उभा. एक फोटो व्ह्यूफाइंडरने फोकस करून, एक लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून). दर वेळी फोकस आधी रिंगने बिघडवून मग घ्या. दोन्ही सारखे धारदार तर बॉडी ठीक. लाइव्ह व्ह्यूचा धारदार आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला तर जुळणी हलली आहे. डी७००० वर ती 'एएफ फाइन ट्यून'मध्ये घरच्या घरी बसवता येते, उणे २० ते अधिक २० पर्यंत. फोकस मागे पडत असेल तर उण्याकडे न्या. हीच चूक डी९० मध्ये निघाली तर सर्व्हिसला देण्यावाचून इलाज नाही, तिला ही सोयच नाही. पंधराच्या पुढे सरकवावं लागत असेल तर बॉडी आपटलेली असू शकते, घेऊ नका.

रबर सुटणं या दोन्ही मॉडेलांत नेहमीचं आहे, आपल्या उन्हाळ्यात जास्तच. घाम आणि उष्णतेने रबर फुगतं, मग जागेवर बसत नाही. पूर्ण काढा, खालचा जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पातळ दुतर्फी टेप लावून बसवा. फारच वाढलं असेल तर नवीन रबराचा संच मिळतो. फेविक्विक लावू नका, त्याची वाफ प्लास्टिकवर आणि काचेवर पांढरी धरते. एवढ्यासाठी सौदा मोडू नका, किंमत मात्र पाडून घ्या.

बघायला जाताना स्वतःचं कार्ड आणि ५० एमएम न्या. शटर काउंट विकणाऱ्याच्या शब्दावर नाही, तुमच्या कार्डावर काढलेल्या मूळ फाइलमधून एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने बघा. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत ती माहिती उरत नाही. निकॉनने डी९० चं शटर एक लाख आणि डी७००० चं दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. त्या हिशेबाने ७१ हजारांच्या डी७००० चं आयुष्य ३८ हजारांच्या डी९० पेक्षा जास्तच उरलंय.

मग पांढऱ्या भिंतीवर १/८००० ने चार-पाच फोटो. वर किंवा खाली काळी पट्टी आली तर पडदा मंदावलाय, तिथेच थांबा. त्यानंतर ए मोडमध्ये एफ/२, एफ/५.६ आणि एफ/१६ ला तीच भिंत. तिन्ही सारख्या उजेडाचे यायला हवेत. एफ/१६ चा उजळ आला तर अॅपर्चरचा खटका नीट हलत नाही. पण तो लेन्सचाही दोष असू शकतो, म्हणून दुसऱ्या लेन्सवर एकदा बघा. शेवटी एफ/२२, फोकस मुद्दाम बिघडवून आभाळाचा एक फोटो: धूसर ठिपके म्हणजे धूळ, ती निघते. गोल आणि कडेला उजळ वळं असलेले ठिपके तेलाचे, डी७००० च्या सुरुवातीच्या बॉड्यांत ते दिसायचे. ओल्या सफाईने जातात. दोन्ही कार्ड स्लॉटमध्ये फोटो लिहून बघा.

बॅटरी: सेटअप मेनूत 'बॅटरी इन्फो'त शून्य ते चार असं वय दिसतं. तीन-चार असेल तर नवीन बॅटरीचे पैसे हिशेबात धरा. डी७००० ची ईएन-ईएल१५ पुढच्या कितीतरी निकॉन बॉड्यांत, झेड ६ मध्येसुद्धा चालते, त्यामुळे ताजी मिळते. डी९० च्या ईएन-ईएल३ई बाजारात आहेत, पण बऱ्याचशा नकली किंवा वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या.

जुनी काच, धुळे

धुळीचं जोडतो, कारण सारंगखेड्याला तीच खरी अडचण. मैदानात लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद, वाऱ्याकडे पाठ, बॉडीचं तोंड खाली. घरी आल्यावर सेटअपमधून 'लॉक मिरर अप फॉर क्लीनिंग', मग रबरी फुंकणीने, तोंड खालीच ठेवून. बॅटरी उतरलेली असेल तर तो पर्याय निवडताच येत नाही, म्हणून पूर्ण चार्ज करून घ्या. कॉम्प्रेस्ड हवेचा डबा वापरू नका, त्यातला द्रव काचेवर उडतो. फुंकणीने न गेलेल्यालाच स्वॅब (सेन्सर पुसायची काडी): १६ एमएमचा, द्रवाचे दोन थेंब, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदा, उलट्या बाजूने परत एकदा, की स्वॅब फेकायचा. जिनिंगच्या भागात राहत असाल तर कापसाचे तंतूही आत जातात. ते फुंकणीने निघतात, त्यांच्यावर ओला स्वॅब फिरवला तर कडेला जाऊन चिकटतात.

आणि निकॉनने दोन्हीसाठी कामाचं तापमान ४० अंशांपर्यंतच दिलंय. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

चोपडाकर

रविवारी डी७००० बघायला जातो. एक राहिलं: ६४ जीबीची कार्डं आहेत, चालतील ना?

पडदा आणि आरसा, नंदुरबार

डी७००० ला चालतात, एसडीएक्ससी (३२ जीबीपेक्षा मोठी एसडी कार्डं) आहेत. फक्त कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा: कचरापेटीचं आणि मीटरिंगचं बटण एकत्र दाबून धरा, 'एफओआर' लुकलुकलं की तीच दोन्ही परत एकदा दाबा. डी९० घेतली असती तर ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं घ्यावी लागली असती.