मदत हवी आहे: लोकसहभाग मोजायचा कसा?

ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या महिला आरोग्य समित्यांचं मूल्यमापन करायचं आहे. साधारण 50 ते 100 घरांमागे एक समिती. बैठका आणि हजेरी मोजणं सोपं, पण सही करून, चहा पिऊन गेलेली बाईसुद्धा त्यात 'सहभागी'च ठरते.

म्हणून प्रत्येक मागणीचा माग धरतोय: इतिवृत्तातली नोंद, ती कुणाकडे गेली, उत्तर कधी आलं, बदल झाला का. समजा मागणी 'दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवा' अशी आहे. वेळ बदलली, तरी श्रेय समितीचं की आधीच निघालेल्या आदेशाचं? सध्या दोन्ही तारखा ताडून पाहतोय, पण हा पुरावा कच्चाच.

दुसरी गोची: इतिवृत्त बहुतेक वेळा आशाताईच लिहितात, मग यंत्रणेविरुद्धची तक्रार गळते. बैठकीनंतर तीन-चार बायकांशी वेगळं बोलणं पुरेल का?

राज्यात 2007 साली लोकाधारित देखरेख (सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवणं) सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता (पालघर तेव्हा त्यातच). त्यातली हिरवी-पिवळी-लाल गुणपत्रिका शहरी वस्तीत कुणी वापरली आहे का? नमुना असेल तर पाठवा, आणि 'पिवळा' नेमका कधी द्यायचा तेही सांगा. भांडणं तिथेच होतात.