चौथीचे विज्ञान: आधी व्याख्या की आधी निरीक्षण?

धागाकर्ता (पालक, घोडबंदर रस्ता, ठाणे):
तिसरी ते पाचवीचे विज्ञान ‘परिसर अभ्यास’ या विषयात येते, पण बहुतेक वर्गांत परिसर बाजूला राहतो आणि प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली जातात. माझ्या चौथीतल्या मुलीने डिसेंबरातल्या एका रविवारी गच्चीत काठी उभी केली आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली. सर्वांत आखूड सावली बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास पडली. परीक्षेत तिने तसेच लिहिले आणि उत्तरावर लाल फुली आली. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे, ठाणे ७३ अंशांजवळ आहे, आणि अंशामागे चार मिनिटे धरली तर आपली मध्यान्ह सरासरी ३८ मिनिटे उशिरा होते. म्हणजे पोरीचेच बरोबर होते. मुलांना आधी मोजू द्यावे, व्याख्या मागाहून सांगावी, असे माझे ठाम मत आहे.

शिक्षिका, ऐरोली:
ती फुली द्यायला नको होती, हे मान्य. तरीही आपले मत मला पटत नाही. गच्चीत मुलीजवळ आपण होतात. माझ्या वर्गात ४७ मुले आहेत, शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण असले तरीही. शिवाय सरकणारी सावली पाहून कोणतेही मूल सूर्यच आपल्याभोवती फिरतो असे म्हणेल. आधी शब्द आणि आकृती दिल्याशिवाय नेमके काय पाहायचे हे मुलांना उमगत नाही, हा माझा अठरा वर्षांचा अनुभव आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, वाशी:
खरी अडचण परीक्षेची आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तो सहावी ते आठवीसाठी होता. त्यात पुस्तक उघडून उत्तरे लिहायची मुभा होती आणि प्रयोगांचीही परीक्षा होत असे. शासनाने २००२ साली तो बंद केला, तरी इतकी वर्षे तो सरकारी शाळांत चालला.

धागाकर्ता:
बाई, सूर्य फिरतो असे मूल म्हणाले तर म्हणू द्यावे. तिथूनच आपल्याला पुढचा प्रश्न विचारता येतो. आणि ४७ जणांना बाहेर नेण्याची गरजच नाही. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ज्यांच्या घरातून खाडी दिसते अशा चार मुलांनी आठवडाभर ती वेळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली, तर कारण वर्गातूनच विचारले जाईल. तेव्हा आपण आकृती काढावी.